पारावरची दुसरी डबी

पनवेल,
रविवार, २५ जानेवारी

प्रिय रुथ,

हे पत्र मोशे तुझ्या हातात देईल. सिनेगॉगच्या किल्ल्या पुतण्याकडे सोपवून तो बुधवारी तिकडे इस्रायलमध्ये, अश्दोदला मुलीकडे यायला निघतोय. त्याच्या बॅगेत मी दोन किलो पोहे, आमसुलं आणि हा जाड लिफाफा कोंबला आहे. तू म्हणशील, फोन असताना एवढे कागद कशाला नासलेस. फोनवर मी काय करतो ते तुला माहीत आहे. पहिल्या वाक्याला थट्टा करतो, दुसऱ्याला हवापाणी विचारतो आणि तिसऱ्याला ‘बरं, ठेवतो’ म्हणतो. या वेळी तसं करून चालणार नाही, म्हणून मुद्द्याचं आधीच सांगतो. नेऱ्याला चिंचेच्या पारावर तू लपवलेली डबी मला सापडली. गेल्या महिन्यात, चौदा डिसेंबरला. तीन वर्षांपूर्वी ‘सापडली’ असं मी वेबसाइटवर लिहिलं होतं, तुला तोंडावरही सांगितलं होतं, ते खोटं होतं. त्या खोट्यामुळेच तू माझ्याशी मोकळेपणानं बोलायची थांबलीस, हे मला त्या दिवशी कळलं. हे वाचून पत्र बाजूला ठेवू नकोस. मला सगळं पहिल्यापासून सांगायचं आहे, आणि तुला माहीत असलेलंही सांगणार आहे, कारण ते लिहिताना मला बरं वाटतंय.

आपली डब्या शोधणारी मंडळी आहेत तशीच आहेत. दर महिन्याचा मेळावा रेवाच भरवते. ऑफिस, घर, आणि वर हे. पोरीला दम कसा लागत नाही कोण जाणे. धनेश अजून न्हावाशेव्याच्या बंदरात कामाला आहे आणि अजूनही नवी डबी जाहीर झाली की पाळी संपवून थेट तिकडे स्कूटर पळवतो. मेळावा अजून रविवारीच असतो. नवीन आलेली पोरं विचारतात, शनिवारी का नाही, म्हणजे रविवारी झोपता येईल. रेवा सांगते, पहिल्यापासून रविवारच आहे. शनिवारी शब्बाथ पाळायचीस, घराबाहेर पडायची नाहीस म्हणून रविवार ठरला होता, हे ठाऊक असलेला आता मी एकटाच उरलोय, आणि मी ते कुणाला सांगत नाही. उगाच कुणी म्हणेल, त्या बाई तर गेल्या, मग आता काय हरकत आहे.

वडाळे तळ्याकाठचा आपला पहिला मेळावा आठवतो? नऊ वर्षं झाली त्याला. आशालता जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. घरात मी आणि टीव्ही. आभा पुण्याहून आली, तिनं माझ्या फोनमध्ये ते जिओकॅशिंगचं ॲप घातलं आणि दम दिला, बाबा, रोज बाहेर पडायचं. पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं नकाशे काढलेला माणूस मी. अक्षांश-रेखांश बघून डबी शोधणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, अशा तोऱ्यात मी तळ्यावर आलो. तिथे विशी-पंचविशीची चार पोरं, आणि पांढऱ्या अंबाड्याखाली खेळाडूंचे बूट घातलेली एक बाई. तू माझ्याकडे निरखून बघितलंस आणि म्हणालीस, ‘तू प्रधानांचा कृष्णा ना? नववी ब? भूमितीच्या तासाला बाकावर उभा असायचास तो?’ मी म्हटलं, ‘आणि तू तळकर. पहिल्या बाकावरची.’ शाळेत सहा वर्षं एका वर्गात बसून आपण एक शब्द बोललो नव्हतो. मुलींशी बोलायची पद्धतच नव्हती. त्या दिवशी तळ्याला चार फेऱ्या झाल्या तरी तुझं बोलणं संपत नव्हतं, आणि मी अहो-जाहो करायला लागलो तर तू म्हणालीस, ‘बाकावर उभा असलेला बघितलाय तुला, अहो कसलं?’

नेऱ्याला आपण पहिल्यांदा गेलो तेव्हा पाराशी सखूबाई काकड्यांची पाटी घेऊन बसली होती. आपण झाडाभोवती घिरट्या घालतोय हे बघून तिनं विचारलं, काय हरवलंय. मग तू तिला बसून समजावलंस. कुणीतरी डबी लपवतं, जागेचे आकडे नेटवर टाकतं, दुसऱ्यानं फोन बघत बघत ती शोधायची, आतल्या वहीत आपलं नाव लिहायचं, घरी जाऊन वेबसाइटवर ‘सापडली’ असं नोंदवायचं, आणि डबी होती तिथेच ठेवायची. सखूबाईनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘न्यायची नाय? मंग शोधायची कशाला?’ आपण तिच्याकडून काकड्या घेतल्या आणि पारावर बसून तुझ्या फ्लास्कमधला आल्याचा चहा प्यायलो. पुढे सहा वर्षं महिन्या-दोन महिन्यांनी काहीतरी निमित्त काढून आपण त्या पारावर चहा प्यायला जायचो. डबी तिथली कधीच शोधून झाली होती, पुढे मालकानं ती काढूनही नेली.

पळस्प्याच्या फाट्यावरचं मी अजून मेळाव्यात सांगतो. गोव्याच्या रस्त्याच्या पाटीमागे लोहचुंबकानं चिकटवलेली एवढीशी डबी होती आणि आपण दोघं पाटीला चिकटून उभे. तेवढ्यात ट्रॅफिक पोलीस आला. तू शांतपणे म्हणालीस, ‘माझ्या कानातलं पडलंय हो.’ तो बिचारा इतका भला की, गाड्या सोडून पंधरा मिनिटं गवतात तुझं कानातलं शोधत होता. शेवटी हळहळून म्हणाला, ‘सोन्याचं होतं का?’ आणि आपल्याला डबी न उघडताच परतावं लागलं. परतताना रिक्षात तू इतकी हसत होतीस की, रिक्षावाल्यानं दोनदा मागे वळून बघितलं. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की, आशालता गेल्यापासून आपण असं हसलो नव्हतो. तुला सांगितलं नाही. असं काही मनात आलं की, मी लगेच एखादा विनोद करायचो.

तुझ्या गुडघ्यांची तक्रार तेव्हापासूनची. तू लपवलेल्या अकरा डब्या मी शोधल्या आणि त्या अकराच्या अकरा कमरेच्या उंचीवर होत्या. झाडाची ढोली, भिंतीतली फट, कुंपणाचा खांब. मी सगळ्यांना ऐटीत सांगायचो, रुथची डबी असेल तर वाकू नका. आणखी एक गोष्ट मी सांगायचो, ती तर दरडावून. डबी सापडली नाही तर ‘सापडली नाही’ असं लिहायचं, त्यात कमीपणा नाही. कुणी नेली असेल असं धरून आपल्या पिशवीतली दुसरी डबी ठेवायची आणि ‘सापडली’ म्हणून मोकळं व्हायचं, हा गुन्हा. कारण खरी डबी असते दोन हातांवर, आणि मागून येणारे सगळे ती खोटीच शोधत राहतात. रेवानं हा नियम नव्या लोकांच्या माहितीपत्रकात माझ्या नावानं छापलाय. तुझ्याकडे ते पत्रक असेलही.

मग बेलपाड्याचा मेळावा आला. तू सगळ्यांसमोर सांगितलंस की, मुलानं, हायमनं, खूप आग्रह केलाय, सुनेला, निरीतला, दुसरं बाळ झालंय, आणि तू फेब्रुवारीत कायमची तिकडे चाललीस. टाळ्या पहिल्यांदा कुणी वाजवल्या? मी. म्हणालो, ‘चला, पनवेलच्या खड्ड्यांतून एक जण तरी सुटला.’ सगळे हसले. तूही हसलीस, पण जरा उशिरा. खरं सांगू का, त्या दिवशी मला घरी जायचा रस्ता नीट दिसत नव्हता. खांदा कॉलनीच्या सिग्नलला मागच्यांनी हॉर्न वाजवले तेव्हा हिरवा झाल्याचं कळलं. पण मला वाटलं, मी कोण थांबवणारा? तुझा मुलगा आहे, नातवंडं आहेत, तुझी माणसं तिकडे आहेत. मी नववीतला एक वर्गमित्र, तेही सहा वर्षं न बोललेला.

आता तो गुरुवार. सकाळी आठला फोन वाजला: नवी डबी, नेरे, चिंचेचा पार, मालक रुथ. तुझी बारावी आणि शेवटची. मी तोंड धुतलं न धुतलं आणि स्कूटर काढली. पहिला मीच पोचणार हे तुला माहीत होतं; धनेशची त्या आठवड्यात सकाळची पाळी होती, हेही तुला माहीत असणार. आता वाटतं, तू सगळा हिशेब करून ती वेळ निवडली होतीस. मी पाराभोवती दोन तास शोधलं. ढोलीत हात घातला, मुंग्या चावल्या. पाराच्या वरच्या दगडांच्या सगळ्या फटी काडीनं उकरल्या. कमरेच्या उंचीवर जे काही होतं ते सगळं तपासलं. खाली वाकलो नाही. रुथ वाकत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं ना! सखूबाईही नव्हती, त्या दिवशी ती पनवेलच्या बाजाराला गेली होती. शेवटी माझी खात्री झाली की, डबी कुणीतरी नेली.

मी तिथेच पारावर बसलो आणि विचार केला. ‘सापडली नाही’ असं लिहिलं तर तुला कळणार की, शेवटची डबी पहिल्याच दिवशी गेली. जायला दहा दिवस राहिलेले, तू सामान बांधतेस, त्यात तुझ्या जिवाला ही हुरहुर कशाला? आणि दुसरंही कबूल करतो: दुपारी धनेश येणार होता, आणि तुझी शेवटची डबी त्याला पहिली सापडलेली मला बघवली नसती. मग मी पिशवीतली निळी प्लास्टिकची डबी काढली, आत कोरी वही घातली, पहिल्या पानावर माझं नाव लिहिलं आणि ती ढोलीत ठेवून दिली. घरी येऊन वेबसाइटवर लिहिलं: ‘पहिला मान माझा! जागा झकास, डबी सुस्थितीत. रुथबाई, जाता जाता उत्तम काम केलंत. धन्यवाद.’ मला ते वाक्य पाठ आहे, कारण गेल्या महिन्याभरात मी ते शंभर वेळा वाचलंय.

रविवारी मी तुझ्याकडे चहाला आलो. बेल वाजवली. तू दार उघडलंस आणि आधी माझ्या हातांकडे पाहिलंस. हे मला तेव्हाही जाणवलं होतं. मला वाटलं, काही खायला आणलंय का ते बघतेस. मी म्हटलं, ‘रिकामाच आलोय, तुझं वजन विमानात बसायला हवं ना.’ घरभर खोकी होती. तू चहा टाकलास. ओट्याकडे तोंड करून विचारलंस, ‘डबी नक्की मिळाली ना?’ मी म्हटलं, ‘मिळाली म्हणजे काय, पहिला मीच.’ मग तू विचारलंस, ‘आतलं सगळं पाहिलंस?’ डब्यांत आपण ठेवतो तसं काहीतरी असणार, बटण, नाणं, बिल्ला, असं समजून मी म्हटलं, ‘सगळं पाहिलं. फर्स्ट क्लास.’ तू ‘बरं’ म्हणालीस. चहा गाळलास. माझ्या कपात साखर घालायची विसरलीस आणि मीही मागितली नाही. पुढचा तासभर आपण फ्लॅट कुणी घेतला, कुंड्या कुणाला द्यायच्या, असलं बोललो. निघताना तू मला फ्लास्क दिलास आणि म्हणालीस, ‘मला आता लागणार नाही.’

त्यानंतरची तीन वर्षं तुला माहीत आहेत. तू फोन उचलायचीस, पण पाहुण्याशी बोलावं तसं बोलायचीस. मला वाटलं, तिकडे रमली. मला वाईट वाटलं आणि रागही आला, की माणूस इतक्या लवकर कसं परकं होतं. तिकडे सायरन वाजतात अशा बातम्या यायला लागल्या तेव्हा मी रात्रंदिवस टीव्हीसमोर होतो. आभा ओरडली तरी उठत नव्हतो. तुझा फोन लागला आणि मी काय विचारलं? ‘तुमच्याकडे म्हणे दिवाळी लवकर आली.’ तू म्हणालीस, ‘हो. ठेवते, मुलांना खाली न्यायचंय.’ फोन ठेवल्यावर मी स्वतःला भिंतीवर डोकं आपटून घ्यावं इतक्या शिव्या दिल्या. पण परत फोन करून ‘घाबरलो होतो’ एवढं म्हणायला जमलं नाही. आज लिहितो. मी फार घाबरलो होतो, रुथ.

चौदा डिसेंबरला रेवानं सफाईचा मेळावा ठेवला होता, आपण वर्षातून एकदा डबीच्या जागेचा कचरा उचलतो तो. या वर्षी जागा निवडली नेऱ्याची, कारण गावकरी पाराला लाद्या बसवणार आहेत आणि त्याआधी गवत-माती काढायची होती. चौदा जण होतो. मी आता वाकत नाही, म्हणून पोती धरून उभा. रेवा मागच्या बाजूला खुरप्यानं माती ओढत होती. सगळ्यात खालच्या थरातला एक दगड तिच्या हातात सुटा आला आणि ती ओरडली, ‘अरे, इथे अजून एक डबी आहे!’ पोरं हसायला लागली. कुणीतरी म्हणालं, म्हणजे वरची खोटी! कोण ठेवून गेला लबाड? तीन वर्षांत त्रेचाळीस लोकांनी ढोलीतल्या निळ्या डबीत सह्या केल्या होत्या. दर वेळी तुला मेल गेला असेल, ‘तुमची डबी सापडली’ म्हणून. डबीचा फोटो टाकायचा नाही हा आपलाच नियम, त्यामुळे ती तुझी नव्हेच हे तुला कळायला काही मार्गच नव्हता.

रेवाच्या हातात तुझा तो मलिद्याचा प्रसाद द्यायचा छोटा स्टीलचा डबा होता, कडीचा. मी लांबूनच ओळखला. झाकणाच्या कडेला तू मेणबत्तीचं मेण ओतलं होतंस, म्हणून तीन पावसाळे काढूनही आत थेंब नव्हता. आत वही, आणि वहीखाली लिफाफा, वर ‘कृष्णा’. रेवानं तो न उघडता माझ्यापुढे धरला. मी सगळ्यांना सांगितलं की, तो लबाड मी. माझा नियम छापलेलं पत्रक धनेशच्या खिशात होतं; त्यानं ते काढून बघितलं आणि परत खिशात ठेवलं. हसलं कुणीच नाही. सखूबाई मात्र तिच्या पाटीमागून म्हणाली, ‘मला वाटला तुमाला ठावं हाय. बाय हितंच बसली व्हती जमिनीव, दगड सरकवीत. मंग तिला उटताच येईना. मीच हात धरून उटवली.’ रुथ, तू माझ्यासाठी त्या गुडघ्यांनी जमिनीवर बसलीस, आणि मी रुबाबात उभ्या उभ्या शोधत होतो.

सगळे गेल्यावर मी पारावर बसून ते पत्र वाचलं. तू काय लिहिलं होतंस ते तुला आठवत असेलच, तरी मी इथे उतरवतो, कारण तीन वर्षं ते फक्त तुलाच माहीत होतं. ‘कृष्णा, हे तोंडानं विचारलं असतं तर तू थट्टेवारी नेलं असतंस, म्हणून डब्यात घालते. हायमचं घर चांगलं आहे, सून माझ्यावर माया करते. जायला माझी ना नाही. पण जायलाच हवं असंही नाही. फ्लॅटच्या कागदांवर सही सोमवारी आहे. मी इथे राहावं असं तुला वाटत असेल तर हा डबा घेऊन रविवारी चहाला ये, आणि वेबसाइटवर काही लिहू नकोस. नेहमीसारखं सापडली म्हणून लिहिलंस तर मी समजेन की, तुला हीही इतर डब्यांसारखीच एक. मग हा विषय तू काढायचा नाहीस आणि मीही काढणार नाही. रुथ.’ वाचून झालं तेव्हा ऊन उतरलं होतं. सखूबाई पाटी डोक्यावर घेऊन निघाली होती, ती थांबली, म्हणाली, ‘बरा हाय ना?’ मी मान हलवली.

दीड महिना झाला त्याला. हे पत्र मी सात वेळा लिहायला घेतलं. प्रत्येक वेळी दुसऱ्या पानावर एखादा विनोद यायचा आणि मी कागद फाडायचो. मध्ये आभा आली होती. तिला मी सगळं सांगितलं, तुझं पत्रही वाचायला दिलं. मला धास्ती होती की, तिला आईच्या आठवणीनं लागेल. तिनं पत्र वाचून घडी घातली आणि म्हणाली, ‘बाबा, रुथमावशी जाणार होत्या तेव्हा तुम्ही दोन आठवडे जेवत नव्हता. मी डॉक्टरांना फोन केला होता.’ म्हणजे सगळ्यांना दिसत होतं. न दिसणारा मी एकटा. वेबसाइटवरची ती जुनी नोंद मी पुसून टाकली. रेवा म्हणाली, काका, आता खरोखर सापडलीय तर तसं लिहा ना. मी नाही लिहिलं. ढोलीतली निळी डबीही काढून आणली. आता त्या पारावर काहीच नाही, आणि पुढच्या महिन्यात लाद्या बसल्या की, ती फटही राहणार नाही.

तर आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. मला तू इथे राहायला हवी होतीस. तेव्हा हवी होतीस आणि आज सकाळी चहा करतानाही हवी होतीस. हे तुला कळवायला तीन वर्षं उशीर झाला, आणि तुझा फ्लॅटही आता राहिलेला नाही, हे मला समजतं. पण तुझ्या पत्रात दोनच अटी होत्या, आणि त्या मी आता पाळल्या आहेत. वेबसाइटवर माझं एक अक्षर नाही. तुझा डबा घासून, पुसून माझ्या पिशवीत ठेवला आहे. आयुष्यात कधी काढला नव्हता तो पासपोर्ट शुक्रवारी पोस्टानं आला. चौकशीला आलेल्या हवालदारानं विचारलं, काका, या वयात कुठे, तर मी म्हटलं, चहाला. त्याला ती थट्टा वाटली, पण नव्हती. मार्चमध्ये मोशे परतायच्या आत मी तिकडे पोचू शकतो, पुढे कुणी कुठे राहायचं ते समोर बसून ठरवू. तुला आता हे नको असेल तर काही लिहू नकोस, फोनही करू नकोस. नेऱ्याच्या डबीची मालक अजून तूच आहेस, तिचं पान बंद करून टाक. मला मेल येईल, मी समजेन आणि हा विषय पुन्हा काढणार नाही. मी ते पान रोज सकाळी उघडून बघतो. मार्च लागेपर्यंत ते उघडं दिसलं, तर रविवार बघून मी डबा घेऊन येतो. चहात आलं घाल, आणि या वेळी साखर विसरू नकोस. डॉक्टरांनी अर्ध्या चमच्याची परवानगी दिली आहे.

दोन तास शोधून एकदाही न वाकलेला,
तुझाच,
कृष्णा